विद्युतफवारा आणि नमुन्याचे रसायन : सिकल हिमोग्लोबिनच्या निमित्ताने

सुरत, तापी, डांग, नवसारी, वलसाड या दक्षिण गुजरातच्या जिल्ह्यांत आणि सरहद्दीपलीकडे नंदुरबार-धुळ्यात राहणाऱ्या आदिवासी समाजांमध्ये सिकल सेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. गामित, चौधरी, वसावा, धोडिया, भिल्ल, पावरा या समाजांतील कितीतरी कुटुंबांना या आजाराची ओळख डॉक्टरांच्या आधी घरातल्या मुलांच्या सांधेदुखीने झालेली असते. गुजरात शासनाने २००६ पासून या पट्ट्यात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला आणि १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाची सिकल सेल निर्मूलन मोहीम देशपातळीवर सुरू झाली. तपासणीत सापडलेला माणूस वाहक आहे की रुग्ण, यावर त्याचे उपचार, लग्नाचे निर्णय आणि पुढच्या पिढीची काळजी अवलंबून असते. म्हणून रक्तातल्या एका रेणूबद्दल प्रयोगशाळा काय सांगते आणि ती ते कशावरून सांगते, हा प्रश्न या भागात निव्वळ पुस्तकी राहत नाही.

तपासणीची पहिली पायरी साधी असते. परीक्षानळीतल्या द्रावणात डायथायोनाइट हे क्षपणकारक असते. त्यात रक्ताचे काही थेंब टाकले की हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन निघून जातो. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते अविद्राव्य होऊन द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. गढूळपणा आढळला की नमुना पुढच्या यंत्राकडे, बहुधा प्रयोगशाळेत सगळे एचपीएलसी म्हणतात त्या द्रव वर्णलेखनाकडे जातो. तेथे वेगवेगळी हिमोग्लोबिने स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मात्र कधी कधी दोन भिन्न हिमोग्लोबिने जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. अशा संशयाच्या प्रसंगी रेणूचे वस्तुमानच मोजून पाहणे हा खात्रीचा मार्ग ठरतो. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, आणि प्रथिनासारखे मोठे रेणू त्यात नेण्यासाठी विद्युतफवारा आयनीभवन, ही जोडी जगभर वापरली जाते.

गढूळपणाच्या परीक्षेत नमुन्यावर रासायनिक क्रिया केली जाते, हे करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. डायथायोनाइटची बाटली त्याच्या हातात असते. विद्युतफवाऱ्यात तसे काही दिसत नाही. नमुना एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावर वस्तुमानाचे आकडे उमटतात. सुरतेत महिधरपुऱ्याच्या बाजारात हिरा काट्यावर ठेवतात, सेंट-कॅरट पाहतात आणि तोच हिरा जसाच्या तसा पुडीत परत जातो. मास स्पेक्ट्रोमीटर हा असाच रेणूंचा काटा आहे, असे अनेक पाठ्यपुस्तके सुचवतात. ही उपमा अर्धीच खरी आहे. काट्यावर चढेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत रेणूच्या भोवतालची आम्लता, क्षारांचे प्रमाण, तापमान आणि स्वतः द्रावणही बदललेले असते. प्रस्तुत लेखात हे बदल कोणते, ते का होतात आणि सिकल हिमोग्लोबिनसारख्या नमुन्यात ते निष्कर्षाला कुठे धक्का लावू शकतात, याचा विचार केला आहे.

फवारा कसा तयार होतो

या तंत्राची मुळे बरीच जुनी आहेत. प्रभारित थेंबावर किती विद्युतप्रभार मावतो याची मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्ये गणिताने काढली. माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये बहुवारिकाचे द्रावण फवारून प्रचंड रेणूंचे आयन मिळवण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून ही पद्धत मास स्पेक्ट्रोमीटरला जोडली आणि १९८८-८९ मध्ये प्रथिनांचे वर्णपट दाखवले. या कामासाठी फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यापूर्वी प्रथिनासारखा रेणू वायुरूपात न्यायचा म्हणजे तो जळून-तुटून जाणार, अशीच रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती.

एका बारीक केशनलिकेतून नमुन्याचे द्रावण सोडले जाते आणि नलिकेला साधारण दोन ते पाच हजार व्होल्टचे विद्युतदाब दिले जाते. टोकाशी द्रवाचा शंकू होतो. त्याच्या अग्रातून प्रभारित सूक्ष्मथेंबांचा फवारा सुटतो. गरम नायट्रोजनमुळे थेंबातील विद्रावकाचे बाष्पीभवन होते. थेंब आकसतो, प्रभार मात्र तेवढाच राहतो, आणि रॅले यांनी सांगितलेली मर्यादा गाठली की थेंब फुटतो. फुटताना थेंबाचे दोन सारखे तुकडे होत नाहीत. मूळ थेंब आपल्या वस्तुमानाचा जेमतेम दोन टक्के भाग अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने टाकतो, पण त्याबरोबर सुमारे पंधरा टक्के प्रभार निघून जातो. हे चक्र पुन्हा पुन्हा घडते. अखेरीस उरतो तो प्रभार घेतलेला एकटा रेणू. शेवटच्या पायरीबद्दल मतभेद आहेत. लहान आयन थेंबाच्या पृष्ठभागावरून उडून जातात, घडी घातलेली प्रथिने थेंब पूर्ण आटल्यावर मागे राहतात आणि उलगडलेल्या साखळ्या थेंबातून दोऱ्यासारख्या बाहेर फेकल्या जातात, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

प्रथिनावर एक नव्हे, अनेक प्रोटॉन बसतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. यंत्र वस्तुमान मोजत नाही. वस्तुमान भागिले प्रभार हे गुणोत्तर मोजते. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे वस्तुमान सुमारे १५,८६७.२ डाल्टन आहे. तिच्यावर १७ प्रोटॉन बसले तर शिखर ९३४.४ वर, १८ बसले तर ८८२.५ वर येते. ही शेजारची दोन शिखरे हाती असली की प्रभार आणि वस्तुमान दोन्ही सोडवता येतात. प्रत्येक आकड्यातून प्रोटॉनचे १.०१ वजा केले की ९३३.४ आणि ८८१.५ उरतात, त्यांच्यातला फरक ५१.८५, ८८१.५ ला ५१.८५ ने भागले की १७. अकरावीचा विद्यार्थी हे गणित सहज करू शकतो.

केशनलिका हा एक विद्युतघट

फवाऱ्याने नमुन्याचे रसायन बदलण्याची सुरुवात थेंब तयार होण्याआधीच होते. धनप्रभारित थेंब सतत बाहेर पडत राहायचे तर तेवढेच इलेक्ट्रॉन नलिकेच्या धातूकडून विद्युतपुरवठ्याकडे परत जायला हवेत. म्हणजे नलिकेच्या आत धातू आणि द्रव यांच्या सीमेवर ऑक्सिडीकरण घडलेच पाहिजे. नलिका धनाग्र असते. विद्युतफवारा हा एक विद्युतघट आहे, हे ब्लेड्स, इकोनोमू आणि केबार्ले यांनी १९९१ मध्ये स्पष्टपणे मांडले. त्यांनी जस्ताची सुई वापरली आणि वर्णपटात जस्ताचे आयन दाखवले. सुई झिजून द्रावणात उतरत होती. पोलादी नलिकेत लोह व अन्य धातूंच्या बाबतीत असेच घडू शकते. धातू विरघळत नसेल तर बहुधा पाण्याचेच ऑक्सिडीकरण होते, ऑक्सिजन सुटतो आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे एक प्रोटॉन द्रावणात येतो.

हे प्रमाण किती, ते फॅरडेच्या नियमाने काढता येते. फवाऱ्याचा विद्युतप्रवाह ०.२ मायक्रोअँपिअर धरू. भागिले ९६,४८५, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ गुणिले १० चा उणे बारावा घात इतके मोल प्रोटॉन. द्रावण मिनिटाला ५ मायक्रोलिटर वाहत असेल, तर सेकंदाला ८.३ गुणिले १० चा उणे आठवा घात लिटर. भागाकार केला की प्रोटॉनांची संहती २.५ गुणिले १० चा उणे पाचवा घात, आणि पीएच ४.६. निव्वळ पाण्याचे ७ पीएचचे द्रावण नलिकेच्या टोकाशी पोहोचेपर्यंत टोमॅटोच्या रसाच्या जवळपास आम्ल झालेले असते. प्रवाह मिनिटाला ०.२ मिलिलिटर असेल तर हाच परिणाम नगण्य ठरतो. उलट आजकाल आवडीने वापरल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकांत, मिनिटाला ५० नॅनोलिटर प्रवाह आणि ०.०५ मायक्रोअँपिअर धरला तर, हिशेब पीएच ३.२ पर्यंत जातो. नमुना जितका कमी, तितका परिणाम अधिक! थोडक्या रक्तात काम भागवणे हा ज्या तंत्राचा मोठेपणा सांगितला जातो, त्याच्याच बाबतीत हे घडते, ही गोष्ट शिकवताना सहसा निसटते.

यावर अनेकांचे उत्तर असते, अमोनियम ॲसिटेट घातले की बफर मिळतो. ही समजूत इतकी रुळली होती की कॅनडातील लार्स कोनरमन यांना २०१७ मध्ये तिच्या खंडनासाठी स्वतंत्र लेख लिहावा लागला. ॲसिटेट ४.७५ च्या आसपास आणि अमोनियम ९.२५ च्या आसपास पीएच सांभाळतात. मधल्या ७ ला या क्षाराची बफरशक्ती फारच थोडी. अमोनियम ॲसिटेट वापरतात ते मुख्यतः ते पूर्ण उडून जाते आणि मागे क्षार ठेवत नाही म्हणून. फवाऱ्यात पीएच खाली सरकला तर तो ४.७५ च्या जवळ थांबतो, एवढाच त्याचा आधार.

आटणाऱ्या थेंबात

थेंबाचा व्यास निम्मा झाला की घनफळ आठव्या हिश्शावर येते आणि त्यात विरघळलेले सारे आठपट दाट होते. व्यास दहावा हिस्सा झाला तर हजारपट. मधल्या विभाजनांमुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, तरी दिशा तीच. आम्ल दाट होते, क्षार दाट होतात, आणि जे रेणू मूळ द्रावणात एकमेकांपासून दूर होते ते एकाच थेंबात कोंडले जाऊन चिकटू शकतात. वर्णपटात दोन प्रथिनांची जोडी दिसली म्हणजे ती रक्तातही जोडीने होती, असे त्यावरून म्हणता येत नाही. नमुना विरल करून पुन्हा मोजणे हा त्यावरचा साधा उपाय. जोडीचे शिखर झपाट्याने लहान झाले तर ती थेंबातच जुळलेली असण्याचा संभव मोठा.

सूक्ष्मथेंबांत काही अभिक्रिया नेहमीच्या पात्रातल्यापेक्षा कितीतरी वेगाने होतात, असे पर्ड्यू विद्यापीठातील ग्रॅहम कुक्स आणि स्टॅनफर्डमधील रिचर्ड झेअर यांच्या गटांनी दाखवले आहे. झेअर यांच्याबरोबर या विषयावर काम केलेल्यांत शिबदास बॅनर्जी यांचे नाव आहे. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी श्यामलव मजुमदार यांच्यासह २०१२ मध्ये विद्युतफवारा तंत्राचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला होता. रेणुभारापलीकडे या तंत्रातून काय कळते, हा त्याचा विषय. तो विनामूल्य उपलब्ध असून महाविद्यालयीन शिक्षकाला पेलेल असाच लिहिला आहे. सूक्ष्मथेंबांविषयीचे सगळेच दावे मात्र निर्विवाद नाहीत. पाण्याच्या सूक्ष्मथेंबांत हायड्रोजन पेरॉक्साइड आपोआप बनते, असे झेअर यांच्या गटाने २०१९ मध्ये म्हटले. सौदी अरेबियातील हिमांशू मिश्रा यांच्या गटाने २०२२ मध्ये त्याचा बराच भाग हवेतल्या ओझोनचा असल्याचे दाखवले. वाद चालू आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून विश्लेषकाने घ्यायचे ते एवढेच की थेंबाभोवतालची हवाही नमुन्याच्या रसायनात भाग घेऊ शकते.

हिमोग्लोबिनचे काय होते

रक्तातील हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते : दोन अल्फा, दोन बीटा, आणि प्रत्येकीच्या कुशीत एक हीम. या चौकडीचे एकूण वस्तुमान सुमारे ६४,४५० डाल्टन. प्रचलित पद्धतीत नमुना पाणी व ॲसिटोनायट्राइलच्या मिश्रणात, ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल घालून फवारला जातो. या द्रावणाचा पीएच मुळातच २.७ च्या आसपास असतो. तेथे चौकडी मोडते, साखळ्या उलगडतात आणि हीम गळून पडते. वर्णपटात दिसते ते असे : अल्फा साखळी १५,१२६ वर, बीटा १५,८६७ वर आणि हीम ६१६ वर वेगळे. उलगडलेल्या साखळीवर प्रोटॉन बसायला जागा पुष्कळ, म्हणून प्रभार जास्त आणि शिखरे कमी गुणोत्तरांकडे, साधारण ८०० ते १,३०० च्या दरम्यान. तोच नमुना अमोनियम ॲसिटेटमध्ये, सौम्य विद्युतदाबाखाली फवारला तर चौकडी टिकते. १७ प्रोटॉनांसह तिचे शिखर ३,७९० च्या आसपास येते.

एकाच थेंब रक्ताची ही दोन चित्रे, दोन्ही खरी. पहिले साखळीची ओळख पटवते, दुसरे जुळणी दाखवते. उलगडलेले प्रथिन जास्त प्रभार घेते हे चौधुरी, कट्टा आणि चेट यांनी १९९० मध्ये सायटोक्रोम सी वर दाखवले, आणि तेव्हापासून प्रभारांच्या पसरटपणावरून प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधण्याची रीत पडली. रीत उपयोगी आहे. पण नलिकेतल्या आम्लतेनेच घडी सुटली असेल, तर मूळ प्रथिन उलगडलेले होते असा उलटा निष्कर्ष निघतो. हीमच्या लोहाबद्दलही तसेच. वर्णपटातील ६१६ चे शिखर त्रिसंयुजी लोहाचे असते. त्यावरून रक्तातील लोह त्रिसंयुजी होते, म्हणजे रुग्णाला मेथहिमोग्लोबिनाचा त्रास होता, असे कोणी म्हणू नये. सुटे हीम हवेत आणि धनाग्राजवळ सहज ऑक्सिडीकृत होते.

तीस डाल्टनचा प्रश्न

सिकल हिमोग्लोबिनात बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने साखळीचे वस्तुमान ३० डाल्टनने घटते : १५,८६७ ऐवजी १५,८३७. सतरा प्रभारांच्या शिखरात हा फरक १.८ इतका दिसतो. वाहकाच्या रक्तात दोन्ही साखळ्या, रुग्णाच्या रक्तात फक्त १५,८३७ ची. निदान म्हणजे एका शिखराचे असणे वा नसणे.

आता फवारा काय करतो ते पाहू. रक्तद्रवात दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते, तांबड्या पेशीत पोटॅशियम भरपूर. नीट धुतले नाही तर थेंब आटताना हे आयन प्रोटॉनांच्या जागा घेतात. एका सोडियममुळे वस्तुमान २२ ने वाढते, एका पोटॅशियममुळे ३८ ने. सिकल साखळीला सोडियम चिकटला तर १५,८५९, पोटॅशियम चिकटला तर १५,८७५. नेहमीच्या साखळीची जागा या दोहोंच्या बरोबर मध्ये. त्याहून कठीण प्रकार ऑक्सिडीकरणाचा. विद्युतदाब प्रमाणाबाहेर वाढला की नलिकेच्या टोकाशी निळसर विसर्ग होतो आणि हवेतल्या ऑक्सिजनापासून क्रियाशील घटक बनतात. ते मेथिओनिनसारख्या अमिनो आम्लांवर ऑक्सिजनचे अणू चढवतात. दर अणूस १६ डाल्टन. दोन अणू चढले की ३२. सिकल साखळी १५,८३७ अधिक ३२ बरोबर १५,८६९, आणि नेहमीची साखळी १५,८६७. एवढ्या मोठ्या प्रथिनात कार्बन-१३ मुळेच शिखराची रुंदी सहा-सात डाल्टन असते. दोन डाल्टनचा फरक त्यात बुडून जातो. ज्या मुलाच्या दोन्ही जनुकांत दोष आहे, त्याच्या वर्णपटात नेहमीच्या साखळीच्या जागी एक लहानसा उंचवटा दिसू शकतो. रक्तसंक्रमण झालेल्या रुग्णातही असाच लहान उंचवटा येतो, तो मात्र खरा असतो. पडद्यावर पाहून या दोहोंत भेद करता येणार नाही.

भेद करण्याची युक्ती पडद्याबाहेर आहे. अल्फा साखळीत हा दोष नसतो, म्हणून ती प्रत्येक नमुन्यात आयता साक्षीदार ठरते : १५,१२६ च्या पुढे १५,१४२ आणि १५,१५८ वर शिखरे असतील, तर ऑक्सिडीकरण चालू आहे, १५,१४८ वर असेल, तर सोडियम राहिला आहे. विद्युतदाब थोडा कमी करून पुन्हा मोजले की फवाऱ्याने केलेले शिखर लहान होते, रक्तातले होत नाही. ही दोन मिनिटांची तपासणी आहे. ऑक्सिडीकरणाचा हा दोष हेतुपुरस्सर वापरणारेही आहेत. प्रथिनाचा कोणता भाग बाहेरच्या बाजूस उघडा आहे ते शोधण्यासाठी मॅलेक्निया, चान्स आणि डाउनर्ड यांनी १९९९ मध्ये फवाऱ्यातल्या ऑक्सिडीकरणाचीच पद्धत बनवली.

दुसरा, अधिक भक्कम मार्ग म्हणजे साखळी अखंड न मोजता ट्रिप्सिन या विकराने तिचे तुकडे करणे. बीटा साखळीचा पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा. दोन प्रोटॉनांसह तो नेहमीच्या रक्तात ४७६.८ वर आणि सिकलमध्ये ४६१.८ वर येतो. मधले अंतर पंधरा. या तुकड्यात मेथिओनिन नाही, त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा घोळ फारसा होत नाही. लंडनमधील डॅनियल, टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच तत्त्वावर हिमोग्लोबिनचे दोष ओळखण्याची जलद पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र तुकडा निवडते, तो पुन्हा फोडते आणि फुटलेल्या भागांवरून ओळख पक्की करते. ओझरत्या योगायोगाला जागा उरत नाही.

वायव्य भारतात आणि गुजरातेत आढळणाऱ्या हिमोग्लोबिन डी-पंजाबच्या बाबतीत अखंड साखळीचे वस्तुमान फारसे कामाचे नाही. येथे १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असते आणि फरक एका डाल्टनहूनही किंचित कमी. वाहकाच्या रक्तात दोन शिखरे वेगळी दिसतच नाहीत. एकच शिखर अर्ध्या डाल्टनने सरकलेले दिसते, आणि यंत्राचे अंशांकन काटेकोर नसेल तर तेही कळत नाही. सिकल आणि डी-पंजाब ही जनुके एकाच मुलात आली तर आजार तीव्र होऊ शकतो, म्हणून हा फरक दुर्लक्षून चालत नाही. तुकडे केल्यावर १,३७८ च्या तुकड्यात तो स्पष्ट होतो. अशा एक डाल्टनच्या फरकांत आणखी एक सावधगिरी लागते : नमुना साठवताना वा ट्रिप्सिनसह उबेत ठेवताना ॲस्पॅराजीनचे रूपांतर ॲस्पार्टिक आम्लात होऊन वस्तुमान एका डाल्टनने वाढते. हा दोष बाटलीतला; तो फवाऱ्याच्या माथी मारू नये.

मोजमापात पक्षपात

फवारा सर्व रेणूंना सारख्या न्यायाने आयनरूप देत नाही. थेंबाच्या पृष्ठभागाकडे जाणारे, जलद्वेषी रेणू पुढे सरसावतात. पाण्यात रमणारे मागे राहतात. क्षार असतील तर सगळ्यांचेच आयन घटतात. म्हणून शिखराची उंची म्हणजे प्रमाण, असे गृहीत धरता येत नाही. मधुमेहासाठी मोजल्या जाणाऱ्या एचबीए-वन-सी या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतीत हा पक्षपात ओळखून बंदोबस्त केलेला आहे. २००२ मध्ये स्वीकारलेल्या या पद्धतीत ग्लू-सी नावाच्या विकराने बीटा साखळीच्या टोकाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा कापतात. साखर नसलेला तुकडा ३४८.२ वर आणि साखर चिकटलेला ४२९.२ वर येतो. साखरेमुळे त्याची प्रोटॉन घेण्याची क्षमता बदलते, म्हणून दोन शिखरांचे सरळ गुणोत्तर घेत नाहीत. साखरयुक्त आणि साखरविरहित शुद्ध हिमोग्लोबिनची ज्ञात मिश्रणे आधी मोजून त्यांच्याशी तुलना करतात. ग्लू-सी हे विकर ग्लुटामिक आम्लाच्या जागी कापते. सिकल साखळीत सहावे आम्ल व्हॅलिन असल्याने तेथे काप बसत नाही आणि सहाचा तुकडा सुटतच नाही. सिकलच्या वाहकाला मधुमेह असेल, तर ही पद्धत त्याच्या नेहमीच्या साखळीचेच मोजमाप देते. सुरत परिसरात दोन्ही आजार एकाच घरात असण्याची शक्यता लक्षात घेता डॉक्टरांइतकेच तंत्रज्ञांनाही हे माहीत असणे बरे.

फवाऱ्याच्या आवाक्याबाहेरचेही काही आहे. ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात आणि पेशी विळ्यासारखी होते. त्या चिकटण्याचे मूळ सहाव्या जागच्या व्हॅलिनचा शेजारच्या रेणूतील जलद्वेषी खोबणीशी होणारा मेळ. जलद्वेषाचा परिणाम पाण्यामुळेच असतो; पाणी गेले की तो विरतो, तर विद्युत आकर्षणे निर्वातात बळावतात. त्यामुळे वायुरूपात गेलेल्या रेणूंत हा मेळ किती पक्का आहे, यावरून रक्तातील पेशीबद्दल बोलणे धोक्याचे. गढूळपणाची जुनी नळी हे काम आजही अधिक प्रामाणिकपणे करते.

वर्गात काय करता येईल

बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत मास स्पेक्ट्रोमीटर नसणार. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शिक्षकाला तरीही हा विषय हाताने दाखवता येतो. सोडियम सल्फेटच्या द्रावणात सार्वत्रिक दर्शक घालून नऊ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलची दोन शिसे जोडली की धनाग्राभोवती रंग तांबूस होऊ लागतो. नलिकेतल्या आम्लतेचा हा मोठा नमुना. मिठाच्या फिक्क्या द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर वाळू दिला तर कडेला क्षाराचे वलय उमटते; थेंब आटताना क्षार दाट होतो हे वेगळे सांगावे लागत नाही. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते. यानंतर फळ्यावर चार आकडे लिहावेत : १५,१२६, १५,१५८, १५,८३७, १५,८६९. हा वर्णपट वाहकाचा की रुग्णाचा, असे विचारावे. घाईने उत्तर देणारी मुले वाहक म्हणतील. दुसरा आकडा कोठून आला असे ज्याने विचारले, त्याला पुढचा प्रश्न द्यावा : या मुलाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले होते का, आणि विद्युतदाब कमी करून नमुना पुन्हा मोजला का?